अपशिंगे मिलिटरी

सप्टेंबर महिन्यात सातारच्या एस.टी. स्टँडवर उभे राहिले, की जो तो कासच्या पठारावरची फुले पाहायला निघालेला दिसतो. पाठीला पिशव्या, डोक्याला टोप्या, गळ्यात कॅमेरे. पुण्यामुंबईचा निम्मा मध्यमवर्ग तिथे लोटलेला असतो म्हणा ना! त्या गर्दीतून मी आणि माझा भाचा दुसऱ्याच फलाटाकडे निघालो, तेव्हा एका सद्‌गृहस्थांनी आपुलकीने हटकले, "अहो, कासची गाडी तिकडे नाही."

"आम्हांला अपशिंग्याला जायचे आहे," मी म्हणालो.

"तिथे काय पाहण्यासारखे आहे?"

प्रश्न रास्त होता. प्रवाशांनी मुद्दाम वाट वाकडी करून जावे असे काही तिथे असल्याचे मीही ऐकले नव्हते. जे आहे ते गावाच्या नावातच आहे. सरकारी दप्तरात, एस.टी.च्या पाटीवर आणि पोस्टाच्या शिक्क्यावर या गावाचे नाव 'अपशिंगे मिलिटरी' असे आहे. बुद्रुक आणि खुर्द आपण पुष्कळ पाहिले. पण एका इंग्रजी शब्दाला असे आडनावासारखे लावून घेणारे गाव मी तरी दुसरे पाहिलेले नाही. घरटी एक माणूस तरी सैन्यात, अशी या गावाची ख्याती आहे, आणि ती आजकालची नव्हे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. साहेबाने त्यांच्या आठवणीसाठी गावात दगड बसवला आणि गावाने तो जपला.

आता मराठीच्या प्राध्यापकाला तिथे कशाला जावे लागले, ते सांगतो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, पुण्यात कोथरूडला राहते. तिचा एकुलता एक मुलगा गेल्या वर्षी इंजिनियर झाला. हिंजवडीच्या एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली. इथपर्यंत सारे आपल्या घराण्यांत जसे होते तसेच झाले. पण या पठ्ठ्याने कुणाला फारसे न सांगता संघ लोकसेवा आयोगाची सी.डी.एस.ची परीक्षा दिली. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. इंग्रजी, सामान्यज्ञान आणि साधे गणित. तीत तो पास झाला, आणि मग भोपाळला पाच दिवसांच्या निवडीसाठी गेला. पहिल्या खेपेला पहिल्याच दिवशी दुपारी त्याला परत पाठवले. तेव्हा अक्काने सुटकेचा निःश्वास टाकून शिरा केला होता. दुसऱ्या खेपेला तो पाचही दिवस टिकला, 'शिफारस' झाली आणि लष्करी इस्पितळातल्या वैद्यकीय तपासणीतही तो पार पडला. तेव्हा शिरा कुणी केला नाही.

त्या पाच दिवसांची हकिकत त्याने मला एस.टी.त सांगितली, ती मोठी गमतीची आहे. छातीला नंबर लावून टाकायचा, नावाने कुणी हाक मारायची नाही. एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवायचे आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावायची. मग साठ शब्द, एकामागून एक. प्रत्येकाला पंधरा सेकंद. तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचे. (आमच्या बी.ए.च्या वर्गाला तीन तासांत अशी साठ वाक्ये सुचत नाहीत, हे मी मनातल्या मनात म्हणालो.) मग मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे देऊन सहा-आठ जणांच्या गटाला अडथळे ओलांडायला लावायचे. गटात नायक नेमलेला नसतो. कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याचे ऐकतो आणि कोण नुसता ओरडतो, हे एक अधिकारी वही घेऊन पाहत असतो. "फळी पलीकडे पोचली की नाही याला फारसे महत्त्व नसते, मामा," भाचा म्हणाला. हे ऐकून मला वाटले, आपल्या प्राध्यापकांच्या नेमणुकाही अशाच पाच दिवस मैदानावर कराव्यात. पण ते असो.

पेच पुढेच होता. शिफारस झाली, तब्येत उत्तम निघाली, तरी डेहराडूनच्या अकादमीत जागा मिळेलच असे नाही. एका वेळी जागा साधारण शंभर. साऱ्या देशातून गुणानुक्रमे यादी लागणार आणि त्या यादीत वर नाव असेल तरच बोलावणे येणार. यादी लागायला अजून काही आठवडे होते. उलट कंपनीला उत्तर हवे होते ते महिनाअखेरीला. कंपनीला होकार द्यावा, तर जानेवारीत प्रशिक्षण सुरू होताना शब्द मोडावा लागणार. नकार द्यावा, तर यादीत नाव नसल्यास हातचे जाणार. मेव्हणे बँकेतले. त्यांनी एका कागदावर दोन रकाने पाडले होते. प्रशिक्षणात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन, पुढे लेफ्टनंट म्हणून पगार, भत्ते, रेशन, घर, कँटीन हे एकीकडे. कंपनीचा आकडा दुसरीकडे. कागद तसा निःपक्षपाती होता. फक्त डाव्या रकान्याखाली त्यांनी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते आणि ते कसले आहे, हे त्यांना कुणी विचारले नाही.

अक्काने मात्र आडपडदा ठेवला नाही. ती मला म्हणाली, "तू मामा आहेस, त्यातून मास्तर. मुलांना समजावणे हा तुझा धंदा. त्याला सांग, देशसेवा दुसरीकडेही करता येते." शिवाय तिने वर्तमानपत्राचे एक कात्रण काढून ठेवले होते. प्रशिक्षणातच जायबंदी होऊन घरी परतलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. त्या मुलांचा प्रश्न २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने आपणहून हाती घेतला, त्याची ती बातमी होती. आईची भीती अशी कात्रणासकट असली, म्हणजे तिला भाबडी म्हणता येत नाही.

आमच्या घरात ही गोष्ट यापूर्वीही एकदा घडली होती. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि त्यानंतरच्या वर्षात सैन्याने आणीबाणीचे कमिशन म्हणून पदवीधर तरुणांना भराभर अधिकारी करून घ्यायला सुरुवात केली. माझे थोरले काका तेव्हा बी.एस्सी. झाले होते. त्यांनी अर्ज भरला. आजोबांनी तो वाचला, घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि ट्रंकेला कुलूप लावले. वाद झाला नाही, आरडाओरडा झाला नाही. काका पुढे सरकारी कचेरीत लागले आणि यथाकाल निवृत्तही झाले. मात्र १९६५ च्या आणि १९७१ च्या युद्धांत भिंतीवर नकाशा लावून रोज टाचण्या सरकवायचे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिले नाही, असे माझे वडील सांगत.

तर समजावण्याचे काम घेऊन मी निघालो होतो. अपशिंग्याची कल्पना मात्र माझी नव्हे. आमच्या कॉलेजच्या फाटकावर एक पेन्शनीत आलेले नाईक आहेत, ते या गावचे. भाच्याची हकिकत ऐकून ते म्हणाले, "सर, इथे बसून काय कळणार? गावाला माझा चुलता आहे, सुभेदार. त्याच्यापाशी एक दिवस बसा."

सातारा सोडताना भाच्याने सैनिक शाळेचा विषय काढला. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली, १९६१ साली. जवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच शाळेत शिकले. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात ते धारातीर्थी पडले. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतले आणि २०१७ च्या सप्टेंबरात त्या लेफ्टनंट झाल्या. हे वर्तमानपत्रात मीही वाचले होते. पण अजिंक्यतारा मागे पडत असताना, त्याच मुलुखातल्या रस्त्यावरून जाताना, त्यातल्या एका गोष्टीचा मी प्रथमच विचार केला. त्या बाईंना दोन लहान मुले होती, आणि या नोकरीत काय होऊ शकते हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

कराडच्या रस्त्याने थोडे जाऊन एस.टी. आत वळली. पावसाळा सरत आलेला. शेते हिरवी, डोंगर हिरवे, आकाश धुतलेले. प्रवासवर्णनात असते तसे सगळे जागच्या जागी होते. पण साताऱ्याच्या पूर्वेला जावे तसा पाऊस कमी होत जातो, जमिनी भावाभावांत वाटून वाटून लहान झालेल्या असतात, आणि पलटणीची परंपरा नुसत्या शौर्यावर उभी राहत नाही, तिच्याखाली मनीऑर्डरही असते, हे विसरून चालत नाही. आपण शहरातले लोक सातारच्या मातीत वीर पिकतात असे भाषणांत म्हणतो, तेव्हा मला थोडे अवघडल्यासारखे होते. मातीत पुरेसे पिकत नाही म्हणूनही माणसे बंदूक घेतात.

गावात शिरल्यावर दारांवरच्या पाट्या वाचत चाललो. आमच्या कोथरूडला पाट्यांवर पदव्या असतात. इथे हवालदार, सुभेदार, कॅप्टन असे हुद्दे. स्मारकापाशी थांबलो. पायतळी दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचत बसले होते. भाच्याने चपला काढल्या, म्हणून मीही काढल्या. ४६ ही संख्या वाचताना लहान वाटते. मी आमच्या वाड्यातली, मग आमच्या गल्लीतली तरुण मुले मनाशी मोजू लागलो. आख्खी गल्ली संपली तरी ४६ झाली नाहीत. आणि ती गेली कुणासाठी, तर परक्या राजासाठी! भाच्याने नेमके हेच हळूच विचारले. तेवढ्यात एक म्हातारा वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाला, "राजा परका व्हता, पोरं आमचीच व्हती की."

सुभेदारसाहेबांचे घर शोधावे लागले नाही. सुभेदारसाहेबच स्मारकापाशी आले. पंच्याहत्तरीच्या पुढचे वय, अंगात पांढरा सदरा, आणि चालणे असे की त्यांच्या बरोबरीने जायला मला पावले मोजावी लागत होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीत त्यांनी नोकरी केलेली. ही पलटण १७६८ सालची. तिचे केंद्र बेळगावला. तिच्या जवानांना सैन्यात 'गणपत' म्हणतात. मी भाषेचा माणूस, म्हणून त्यांच्या बोलण्यातले शब्द टिपत होतो. रंगरूट, पलटण हे तर आपले झालेच आहेत. पण पहारेकऱ्याचे "हुकुमदार!" हे मूळ इंग्रजी "हू कम्स देअर?" आहे, हे सांगताना ते लहान मुलासारखे हसले. "आमी तेच वरडायचो. साहेबाला बी कळायचं, आमाला बी."

ओसरीवर चहा झाला. घरात तीन पिढ्या पलटणीच्या. सुभेदार स्वतः, मुलगा हवालदार होऊन आलेला, आणि नातू भरतीची तयारी करणारा. हा नातू भाच्याहून तीन-चार वर्षांनी लहान. तो रोज पहाटे गावच्या पोरांबरोबर धावतो. आधी लेखी परीक्षा, मग १६०० मीटरची धाव, पुल-अप्स. २०२२ पासून जवानांची भरती 'अग्निवीर' म्हणून होते. नोकरी चार वर्षांची; त्यातून चौघांत फार तर एकाला पुढे कायम करतात. माझ्या भाच्याने त्याला विचारले, "चार वर्षांनी नाही ठेवले तर?"

"तवाचं तवा बघू," तो म्हणाला. "तुमाला न्हाई घेतलं तर?"

"मला कंपनीची नोकरी आहे."

"मग तुमचं बरं हाय," तो म्हणाला. त्यात टोचून बोलणे नव्हते. भाचा मात्र त्यानंतर बराच वेळ गप्प होता.

मी अक्काचे काम सुरू केले. म्हणालो, "सुभेदारसाहेब, हा एकुलता एक आहे. घरात कुणी सैन्यात नाही. आईचा जीव राहत नाही. तुम्हीच सांगा."

त्यांनी माझ्याकडे न पाहता घरात हाक दिली, "अगं, हिकडं ये. पावनं काय इचारत्यात बघ."

आजी बाहेर आल्या, पदर सावरून उंबऱ्यावर बसल्या. मी प्रश्न पुन्हा सांगितला. त्या म्हणाल्या, "आईला इचारून कुनी जातं व्हय? म्या बी माज्या पोराला 'जा' म्हनले न्हाई. 'जाऊ नगं' बी म्हनले न्हाई. भाकरी बांधून दिली." मग थोड्या वेळाने आपणच बोलू लागल्या. "इकात्तरला ह्यांची पलटण तिकडं बंगालात. म्या नवी नवरी. पोष्टमन गल्लीत शिरला की समद्या बाया दारात. कुनी काय बोलायचं न्हाई. त्याच्या हातात कागद कुठला हाय त्येवढं बघायचं. पत्र असलं की हसायचं. एकदा तार आली. शेजारच्या घरला गेला तो. आन् मला आदी हायसं वाटलं बघा. मग तिचं रडनं ऐकू आलं." त्या थांबल्या. "त्ये हायसं वाटल्यालं अजून मनातनं जात न्हाई. तुमच्या बहिणीला म्हनावं, भ्या वाटनारच. त्येला औशिद न्हाई."

समजावण्याच्या धंद्यात इतकी वर्षे काढूनही मला यावर काही सुचले नाही. मी चहाचा रिकामा कप उचलून पुन्हा ठेवला.

सुभेदार भाच्याकडे वळले. "तू आपल्या जिवाचा इचार करतुयास का?"

"करतो ना," भाचा प्रामाणिकपणे म्हणाला.

"कर की. कुनीबी करतं. पर तू साहेब हुनार. जवान जातो त्यो स्वताच्या जिवाचा मालक. साहेब तसा न्हाई. तुला तीस-पस्तीस पोरं दिली जातील. कुनी ह्या गावचा, कुनी त्या. तू म्हनशील डावीकडनं चला, ती डावीकडनं जातील. तुजं चुकलं तर तार त्येंच्या घरला जाईल." (तार बंद होऊन दहा वर्षांहून अधिक लोटली, ते त्यांना ठाऊक असणार.) "आमचा एक लेफ्टनंट व्हता. पोरगाच, तुज्याएवडा. मराठी येत नव्हतं. आल्या आल्या म्हैन्याभरात समद्यांची नावं पाठ. नुसती नावं न्हाई, कुनाच्या घरी काय चाललंय, कुनाची म्हैस याली. आमी त्येच्या मागनं कुठंबी गेलो असतो. दुसरा एक व्हता, लई हुशार. त्याला आमी नंबरानं म्हाईत. त्येच्या मागनं बी गेलो. हुकूम व्हता म्हनून." त्यांनी तंबाखूची चिमूट मळली. "तर तू त्येवढं सांग. पोरांची नावं पाठ हुतील का तुला?"

भोपाळच्या पाच दिवसांत नाव न घेता छातीवरच्या नंबराने हाक मारली जात होती, हे मला त्या वेळी आठवले. भाच्यालाही ते आठवले असावे. त्याने उत्तर दिले नाही. सुभेदारांनीही आग्रह केला नाही, ते नातवाला म्हणाले, "जा, ह्यास्नी मैदान दाखव."

दोघे गेले. मी ओसरीवर बसून राहिलो. आपल्या वर्गातली मुले सैन्यात जात नाहीत असे नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत शिकलेले मनोज नरवणे २०१९ च्या अखेरीस लष्करप्रमुख झाले, आणि २०२२ मध्ये त्यांच्यानंतर आले ते नागपूरचे मनोज पांडे. लागोपाठ दोन मराठी प्रमुख, दोघेही मनोज! आमच्या बैठकींत याचा केवढा अभिमान मिरवला गेला. पण त्याच बैठकींत कुणाच्या मुलाने अर्ज भरला म्हटले की आवाज खाली येतो, जणू काही घरात आजारपण आहे. अभिमान जनरलचा आणि काळजी लेफ्टनंटची, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. माझाही मुलगा आता नववीत आहे, आणि त्याच्या बाबतीत मी आजोबांसारखी ट्रंक उघडणार नाही असे छातीठोकपणे सांगायला मी तयार नाही.

तासाभराने दोघे आले ते घामाने निथळत. नातवाने भाच्याला धावायला लावले होते आणि मागे टाकले होते. "हे लई फुडं जात्यात सुरवातीला," नातू माझ्याकडे तक्रार करावी तसे म्हणाला, "मंग दम टिकत न्हाई." आजींनी दोघांना ताक दिले. निघताना त्यांनी एका पिशवीत घेवड्याच्या शेंगा बांधून दिल्या, अक्कासाठी.

परतीच्या गाडीत भाचा खिडकीपाशी बसला होता. मी काही विचारले नाही. साताऱ्याला उतरून कंदी पेढे घेतले. आता कासहून परतणाऱ्यांची गर्दी होती. सगळ्यांच्या बुटांना चिखल. खंबाटकी मागे पडल्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही वर्गातल्या किती मुलांना नावाने ओळखता?"

"पंधरावीस," मी म्हणालो. वर्गात एकशे दहा आहेत.

"मी आठवून पाहत होतो. चार वर्षे हॉस्टेलला होतो. मजल्यावर तीस जण. बावीस नावे आली."

"कमी नाहीत."

"आठ राहिली ना," तो म्हणाला, आणि पुणे येईपर्यंत पुन्हा काही बोलला नाही.

महिनाअखेरीला दोन दिवस होते तेव्हा त्याने कंपनीला पत्र लिहिले, नाही म्हणून. आधी वडिलांना वाचून दाखवले, मग पाठवले. मेव्हण्यांनी त्यात इंग्रजीची एक चूक दाखवली. बाकी काही म्हटले नाही. अक्का माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. शेंगांची भाजी मात्र तिने केली होती, असे भाच्याकडून कळले.

हे लिहीत असताना यादी अजून लागलेली नाही. शंभरांत त्याचे नाव असेल, नसेल. नसले तर पुढच्या परीक्षेला बसायचे त्याने ठरवले आहे. चोविसाव्या वर्षापर्यंत वेळ आहे. तोवर तो सकाळी तळजाईच्या टेकडीवर धावतो. अपशिंग्याच्या त्या नातवाची भरती पुढच्या महिन्यात आहे, आणि दोघांचे फोनवर मिनिटे-सेकंदांचे बोलणे चालते.

परवा अक्का दिवाळीच्या भाजणीचे विचारायला आमच्याकडे आली होती. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "काय रे, डेहराडूनला जानेवारीत थंडी किती असते?"

"बरीच असते," मी म्हणालो.

"सहज विचारले," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.